चौदा स्लीपर

आमच्या धाकट्या नणंदेची नोकरी काय, हे सांगताना सासूबाईंची नेहमी पंचाईत होते. "रेल्वेत आहे," म्हटलं की समोरची बाई विचारते, "तिकिटं देते का?" "नाही, मशीनवर असते," म्हटलं की विचारते, "म्हणजे गाडी चालवते?" मग सासूबाई कंटाळून म्हणतात, "वाकडे झालेले रूळ सरळ करते," आणि विषय संपवतात.

त्या सांगतात ते काही खोटं नाही. रूळ ज्या आडव्या सिमेंटच्या ठोकळ्यांवर बसवलेले असतात त्यांना स्लीपर म्हणतात, आणि स्लीपरखाली असते खडी. गाड्या धावून धावून ती खडी सरकते, कुठे दबते आणि रूळ खाली-वर होतो. मग नणंदेचं पिवळं टॅम्पिंग मशीन येतं. दोन बसगाड्या एकापाठोपाठ उभ्या केल्या तर होईल एवढी त्याची लांबी. ते रूळ आकड्यांनी धरून वर उचलतं, पोलादी बोटं खडीत खुपसतं, थरथरवतं आणि स्लीपरखाली खडी घट्ट दाबून बसवतं. मग बोटं वर, मशीन एक पाऊल पुढे, पुन्हा तेच. मिनिटाला दहा स्लीपर.

मुलं तिला आत्या म्हणतात, म्हणून आता सगळं घरच तिला आत्या म्हणतं, आमचे हे सुद्धा. स्वतःच्या सख्ख्या बहिणीला आत्या म्हणताना त्यांना काही वाटत नाही. वय अडतीस. लग्न करायचं नाही असं ती कधीच म्हणाली नाही. फक्त प्रत्येक वेळी ब्लॉक आहे असं म्हणाली. ब्लॉक म्हणजे काम करण्यासाठी ठरावीक वेळ त्या रुळावर एकही गाडी सोडायची नाही. ती वेळ संपायच्या आत मशीन बाजूला झालंच पाहिजे. वर्षानुवर्षं असं घड्याळावर जगून आत्या आंघोळसुद्धा ब्लॉक घेतल्यासारखी करते. अकरा मिनिटांत बाहेर.

पंधरा दिवसांतून एकदा ती घरी येते. बाकीचे दिवस मशीनच्या माणसांबरोबर कॅम्पच्या डब्यात. जुना प्रवासी डबा, बाकं काढून आत पलंग, ओटा आणि कपाट केलेलं. एखाद्या लहान स्टेशनच्या कडेच्या रुळावर तो उभा असतो. एकदा मी तिथे दोन दिवस राहून आले. ओट्यावर कांदा ठेवला तर तो आपोआप दाराकडे निघाला. मी पकडायला धावले तर आत्या म्हणाली, "राहू दे वहिनी. हा रूळ उतारावर आहे. कांदे दारातच सापडतात आम्हाला." जगाचे रूळ समतल करणारी माणसं स्वतः उतारावर झोपतात, हे मला तिथे कळलं.

घरी आली की मात्र तिला तिरकं काही खपत नाही. खिशातून एक छोटी, बुडबुड्याची पातळी मोजायची नळी काढते आणि टेबलावर ठेवते. आमच्या जेवणाच्या टेबलाच्या एका पायाखाली तिने घडी करून घातलेला पुठ्ठा आहे. फ्रिज तिने सरळ केला. सासूबाईंचा पलंगही केला, तेव्हा त्या दोन दिवस कुरकुरल्या, "मला घसरल्यासारखं वाटतंय." सोळा वर्षं त्या तिरक्या झोपत होत्या.

शिकली ती डिझेल इंजिनाचं काम. डेपोत लागली तेव्हा तिच्या हाती पाना दिला आणि मशीनखाली झोपवली. सहा वर्षं तिने मशीन खालूनच पाहिलं. मग चालकाच्या केबिनमध्ये मदतनीस, मग चार वर्षं चालक, पण दुसऱ्या कुणाच्या तरी देखरेखीखाली. आता शेवटची पायरी राहिली होती. एका ब्लॉकचं सगळं काम तिच्या जबाबदारीवर करून दाखवायचं. आकडे तिने भरायचे, माणसं तिने लावायची, वेळ तिने सांभाळायची. शंभर मिनिटांच्या कामात हजार स्लीपर ठरलेले, त्यांतले नऊशे तरी व्हायला हवेत. झाले तर हे मशीन तिच्या ताब्यात. नाहीतर दुसऱ्या एका दूरच्या डेपोत, दुसऱ्याच्या हाताखाली, निदान दोन वर्षं.

त्या डेपोचं अंतर ऐकल्यावर सासूबाईंचा चेहरा उतरला. पंधरा दिवसांनी येणारी मुलगी सहा महिन्यांनी येईल, हा हिशोब त्यांनी न बोलता केला होता.

योगायोग असा की परीक्षेचा ब्लॉक आमच्याच गावाच्या कडेला होता, पादचारी पुलापासून हाकेच्या अंतरावर. बुधवारी सकाळी मुलांना शाळेत सोडून मी सासूबाईंना घेऊन पुलावर गेले. त्यांनी बसायला वर्तमानपत्र आणि पाण्याची बाटली घेतली होती.

"आत्याला दिसलो तर तिचं लक्ष उडेल," मी म्हटलं.

"तिला लहानपणापासून कामात आई दिसत नाही," त्या म्हणाल्या. "बस तू."

साडेदहाला मशीन आलं. नेहमी ते डेपोच्या बाजूने येतं, आज समोरच्या बाजूने आलं. डेपोकडच्या रुळावर एक मालगाडी बंद पडून उभी होती म्हणून त्याला लांबून वळसा घालून आणलं होतं, हे आम्हाला नंतर कळलं. ते थांबलं, बोटं खाली आली, धूळ उडाली आणि काम सुरू झालं. दणदण, फुसकन हवा, एक पाऊल. दणदण, फुसकन हवा, एक पाऊल. सासूबाई मान हलवून मोजायला लागल्या. मागून फावडी घेतलेली माणसं उचललेल्या जागी खडी भरत होती.

चौदा झाल्यावर मशीन थांबलं.

पुलावर आमच्याशेजारी एक गृहस्थ कठड्याला टेकून उभे होते. "बिघडलं," ते म्हणाले. "या मशीनचं असंच असतं."

"बिघडलेलं नाही," सासूबाई त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या. "माझी मुलगी विचार करतेय."

केबिनचं दार उघडलं, आत्याच्या मशीनवरचे म्हातारे मेकॅनिककाका खाली उतरले, दोन्ही रुळांवर आडवी मापपट्टी ठेवून वाकून बघू लागले. मग त्यांनी वर बघून बोटांनी काहीतरी दाखवलं. बराच वेळ काही झालं नाही. आणि मग मशीनने बोटं आवरून घेतली आणि ते चक्क मागे सरकायला लागलं.

"आता?" गृहस्थ म्हणाले.

"आता मागे," सासूबाई म्हणाल्या, पण हातातलं वर्तमानपत्र त्यांनी सुरळी करून पिळलं होतं.

मशीन बरंच मागे गेलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. घड्याळात पंचवीस मिनिटं गेली होती. साडेबाराच्या सुमारास ब्लॉक संपला, मशीन बाजूच्या रुळावर गेलं आणि पुलाखालून पहिली गाडी अगदी दबकत गेली. ठरलेल्या शेवटच्या खुणेपर्यंत काम पोचलेलं नव्हतं, हे पुलावरूनही दिसत होतं.

संध्याकाळी आत्या घरी आली. धुळीने भुवया पांढऱ्या. अकरा मिनिटांत आंघोळ करून आली आणि जेवायला बसली. मी भाजी वाढली. आमचे हे उगाच पंख्याकडे बघत होते. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "मागे का गेलीस?"

"आकडे उलटे भरले होते मी," आत्या म्हणाली.

मग तिने सांगितलं. कुठला रूळ किती दबलाय, याचा कागद आदल्या दिवशी तयार होतो. डावा-उजवा ठरवायची एकच रीत. कडेच्या दगडांवरचे किलोमीटरचे आकडे ज्या दिशेला वाढत जातात, तिकडे तोंड करून उभं राहायचं, डाव्या हाताला येईल तो डावा रूळ, सगळ्यांसाठी आणि कायमचा. त्या कागदावर डावा रूळ बारा मिलिमीटर दबलेला होता. मशीन रोज डेपोकडून येतं, म्हणजे त्याचं तोंडही वाढत्या आकड्यांकडेच. चार वर्षं कागदावरचा डावा तोच केबिनमधला डावा. आज मशीन समोरून आलं आणि त्याचं तोंड फिरलं. आत्याने सवयीने मशीनच्या तक्त्यात डावा तो डावा म्हणून भरला. परीक्षा घेणाऱ्या मोठ्या साहेबांनी तो तक्ता तपासून, त्यांच्याही सवयीने, सही केली.

"मग कळलं कसं?" यांनी विचारलं.

"चिखल," ती म्हणाली. "काल मी तिथे चालत जाऊन आले होते. दबलेल्या बाजूला नाला आहे, माझा बूट त्यात घोट्यापर्यंत गेला होता. आज सहज बाहेर बघितलं तर नाला उजव्या हाताला, आणि मी उचलतेय डावी बाजू. चांगली होती ती वर चाललीये, बुडालेली आहे तिथेच."

"साहेब काय म्हणाले?"

"साहेब घड्याळ बघत होते. आधी काका म्हणाले, हळूच. म्हणाले, ताई, चौदाच स्लीपर आहेत. आज गाड्या हळू जाणार आहेत, उद्या माणसं लावून हातानं बघून घेऊ, तुझी परीक्षा निघून जाईल. मनाला पटेल असं बोलतात ना ते." ती पाणी प्यायली. "क्षणभर मलाही पटलं, वहिनी. खोटं कशाला सांगू."

"मग?"

"मग मी त्यांना विचारलं, काका, आपलं मशीन रूळ उचलतं. खाली बसवतं का? ते म्हणाले, नाही. म्हटलं, मग जो चुकून वर गेला तो हाताने तरी कोण खाली आणणार? उतरा खाली, पट्टी ठेवा."

पट्टीने चोवीस मिलिमीटरचा फरक दाखवला. आता उपाय एकच होता. वर गेलेला रूळ तिथेच ठेवायचा आणि नाल्याकडचा त्याच्या बरोबरीला आणायचा. पण नुसते चौदा स्लीपर उंच ठेवले तर रुळाला उंचवटा येणार, म्हणून बरंच मागे जाऊन तिथून चढ सुरू करायचा, मीटरमागे एक मिलिमीटर, आणि पुढे तसाच उतार. जास्तीची खडी लागणार, माणसं हलवावी लागणार. आत्याने साहेबांकडे वळून सांगितलं, "साहेब, आकडे मी उलटे भरलेत. मला मागे जायचंय. नऊशे होणार नाहीत."

"आणि ते?"

"त्यांनी तक्ता हातात घेतला. एकदा नाल्याकडे बघितलं, एकदा तक्त्याकडे. मग म्हणाले, भरलेत तुम्ही. सही कुणाची आहे?" आत्या हसली. "म्हटलं, तुमची. म्हणाले, मग बघताय काय माझ्याकडे, चला मागे."

"किती झाले शेवटी?" सासूबाईंनी विचारलं.

"सातशे साठ."

सासूबाईंनी तिच्या ताटात आणखी भाजी वाढली. एरवी हात आडवा करणाऱ्या तिने आज नको म्हटलं नाही, यावरून मला वाटलं झालं, गेली ही दूरच्या डेपोत.

"काका तर रडवेले झाले," आत्या घास चावत म्हणाली. "साहेब केबिनमध्येच लिहीत बसले. मी खाली उभी राहून मशीनची बोटं बांधून घेत होते. मला वर बोलावून कागद वाचायला दिला. लिहिलं होतं, तक्ता उलटा भरला गेला, तपासणाऱ्याच्याही लक्षात आलं नाही, तपासणारा मी. चालकाने चूक स्वतः पकडून दुरुस्त केली. दुरुस्तीची पंचवीस मिनिटं वेळेतून वजा. उरलेल्या पंचाहत्तर मिनिटांत सातशे साठ स्लीपर, म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा जास्त."

"म्हणजे?" यांनी विचारलं.

"म्हणजे पास. सोमवारपासून मशीन माझ्याकडे."

सासूबाईंनी हातातला डाव भांड्यात सोडला. "अगं मग हे आधी सांगायचं नाही का? इथे जीव टांगणीला लागला होता सगळ्यांचा."

"आधी सांगितलं असतं तर चौदा स्लीपरचं कुणी ऐकून घेतलं असतं?" आत्या म्हणाली. "हा दादा तर पास ऐकल्याबरोबर टीव्ही लावायला उठला असता."

हे खरंच उठायच्या बेतात होते, ते परत बसले. "पण दिवसभर आईला ताटकळत ठेवलंस," ते म्हणाले. "मशीन मिळालं म्हणून काय झालं, अक्कल तेवढीच राहिली."

"ती मशीनबरोबर देत नाहीत, वेगळा अर्ज करावा लागतो. तू केला होतास ना, अजून आली नाही तुझी."

सासूबाई हसता हसता डोळे पुसायला लागल्या आणि तिखट लागलं म्हणाल्या. भाजीत तिखट नव्हतं.

उरलेले दोनशे चाळीस स्लीपर पुढच्या बुधवारी झाले. आम्ही दोघी पुन्हा पुलावर होतो. यावेळी मशीन डेपोकडूनच आलं होतं, तरी काम सुरू करण्याआधी काका खाली उतरले, नाल्याच्या बाजूला जाऊन उभे राहिले आणि त्यांनी सरळ हात वर केला. केबिनमधून तसाच हात वर झाला, तेव्हाच ते वर चढले. हा आत्याच्या मशीनवरचा नवा नियम. कागदावर कुणाचीही सही असो, आधी माणसाने जाऊन खाली गेलेली बाजू दाखवायची. काकांनी कुरकुर केली म्हणे, की माझ्या वयाला चिखलात उभं करतेस. आत्याने त्यांना लांब बूट आणून दिले.

काम वेळेच्या आधी संपलं. मशीन बाजूला झालं आणि थोड्या वेळाने गाडी आली. त्या चौदा स्लीपरांवरून ती गेली तेव्हा सासूबाई कठड्यावर वाकून बघत होत्या. आत्या मात्र गाडीकडे बघत नव्हती. मशीनच्या पायरीवर बसून, काकांना अर्धा देऊन, ती माझ्या हातचा डबा संपवत होती.