आगीतल्या माणसांचं चिलखत

आटगावची शीतल मोबाइलच्या गेमसाठी चित्रं काढते. गेममधल्या आगीत राहणाऱ्या लोकांचं जादूचं चिलखत तिनं तीनदा काढलं आणि तीनदा परत आलं. आता चौथंही परत आलं तर काम गेलंच. काही सुचेना, तेव्हा तिनं वीटभट्टीवर राबणारा बापच काढला. डोक्यावर ओलं गोणपाट, पायांत टायरची चप्पल.

गेम कंपनीचा साहेब फोनवर हसला. "असले भिकारडे? जादू कुठाय यात?"

दातओठ खात तिनं गोणपाटाला सोनेरी रंग फासला, चपलेतून ज्वाळा काढल्या. चित्र पास झालं.

बापानं मोबाइल डोळ्यांजवळ धरला. भाजलेला अंगठा काचेवरून फिरवत म्हणाला, "गो शीतल, हे इकत कुठं मिळतं? आमच्या भट्टीवर कोणाकडंच नाय."