डाव्या बाजूची झळ

हिंजवडीकडे टॉवर उठत होते त्या वर्षांतली गोष्ट. बिल्डरांना फ्लॅट बांधायच्या आधीच विकायचे असत, आणि त्यासाठी त्यांना वॉकथ्रू लागे. म्हणजे अजून उभ्याच न राहिलेल्या इमारतीतून गिऱ्हाइकाला फिरवून आणणारी, संगणकावर केलेली फिल्म. मी त्या करायचे. यवतमाळहून पुण्यात आले होते आणि कसबा पेठेतल्या एका छोट्या स्टुडिओत लागले होते. मालकांनी मुलाखतीतच सांगितलं होतं, "लॅपटॉप तुमचा आणायचा. टेबल आम्ही देऊ." टेबल दिलं, तेही अर्धं.

उरलेल्या अर्ध्या टेबलावर एक बाई बसत. माझ्याहून बऱ्याच मोठ्या, पेठेतच जन्मलेल्या, दुपारी जेवायला चालत घरी जाणाऱ्या. त्या प्लॅन काढायच्या. पहिल्या दिवशी मी विचारलं, "इथे बसू का?" तर म्हणाल्या, "बसा. विचारून काय उपयोग? बसवलंच आहे तुम्हाला."

भांडण पेटलं ते ग्राफिक्स कार्डावरून. रेंडरिंग, म्हणजे फिल्मची चित्रं तयार करायला संगणकाला लावलं, की सगळा भार त्या कार्डावर येतो, ते तापतं, आणि लॅपटॉपचा पंखा आतली गरम हवा जाळीतून बाहेर फेकतो. माझ्या लॅपटॉपची जाळी डाव्या बाजूला होती. डावीकडे बाई, आणि बरोबर जाळीसमोर माउसवरचा त्यांचा उजवा हात.

"अहो, ते विमान जरा उतरवता का?" पंख्याचा आवाज चढला की त्या म्हणत. मग हात झटकून, "आणि हा बंब दुसरीकडे वळवा."

"वळवला तर मला स्क्रीन कशी दिसणार?"

"तो तुमचा प्रश्न."

मी सुचवलं, आपण जागा बदलू या. त्या खिडकीपाशी बसत. मी तिथे बसले असते तर झळ सरळ खिडकीबाहेर गेली असती. "ही माझी जागा आहे," त्या म्हणाल्या. "स्टुडिओ उघडला तेव्हापासूनची." विषय संपला.

पुढच्या आठवड्यात मी आले तर आमच्या दोघींच्या मधे टाइल्सच्या जाडजूड कॅटलॉगांची भिंत उभी होती. मला वाटलं, हद्द आखली. खरं सांगायचं तर बरंच वाटलं, निदान त्यांचं तोंड दिसणार नव्हतं.

त्याच सुमारास कार्डाचं तापमान वर जायला लागलं. स्क्रीनच्या कोपऱ्यात मी आकडा लावून ठेवला होता. तो आधी ऐंशीच्या आसपास असायचा, आता पंच्याण्णवच्या खाली येईना. काम रांगायला लागलं. एका दुपारी, फिल्म अर्धी झालेली असताना, स्क्रीन काळी पडली. सकाळपासूनची मेहनत गेली.

मालक, म्हणजे आमचे सर, केबिनमधून बाहेर आले. "यवतमाळच्या माणसांना उन्हाची सवय असते म्हणे. लॅपटॉपला नाही का?"

बाई हसल्या. मोठ्याने नाही, मला ऐकू येईल इतपत.

मी सुचेल ते सगळं केलं. मागचं झाकण उघडून ब्रशने धूळ काढली. लॅपटॉपखाली बाथरूमच्या टाइल्सचे दोन नमुने ठेवून तो उंच केला. दुकानात नेऊन कार्डावरची, उष्णता ओढून घेणारी पेस्ट बदलून घेतली. घरी मशीन गारेगार चालायचं, ऑफिसात आणलं की पुन्हा तेच. मी दुकानदारावर जाऊन ओरडले. तो म्हणाला, "घरी तापत नाही ना? मग ऑफिसशी भांडा."

एके दिवशी बाई जेवायला गेलेल्या असताना माझं पेन घरंगळून त्या कॅटलॉगांपाशी गेलं. ते काढायला बोटं घातली आणि चटका बसला. कॅटलॉग जाळीला अगदी चिकटवून ठेवले होते. हवेला जायला जागाच नव्हती, ती आतच कोंडत होती. मी ते बाजूला केले आणि स्क्रीनवरचा आकडा माझ्या डोळ्यांदेखत उतरायला लागला. सगळी चळत उचलून मी त्यांच्या खुर्चीवर आदळली.

त्या आल्या. "हे कोणी हलवलं?"

"मी. जाळी बंद केली होतीत तुम्ही. त्या दिवशी लॅपटॉप बंद पडला तो ह्यामुळे."

"पडू दे की! आणि माझा हात भाजतो त्याचं काय?" त्यांनी हात माझ्या तोंडासमोर धरला. मागची कातडी लाल, कोरडी, बोटांच्या पेरांवर सालं निघालेली. "पोळ्या लाटताना चुरचुरतो हा."

"मग जागा बदलू या म्हटलं तेव्हा का नाही बदललीत?"

"कारण जागा माझी आहे!"

"मग हातही तुमचाच आहे!"

सर दार उघडून उभे होते. "दोघींनाही घरी पाठवू का? मला शनिवारी फिल्म हवी आहे." त्यांनी निकाल दिला, आणि मी जिन्याजवळच्या बोळकांडीत गेले. तिथे एक मोडकं स्टूल होतं, येणाऱ्या-जाणाऱ्याचा पाय लागायचा, खालच्या दुकानातून पत्रा ठोकल्याचा आवाज दिवसभर यायचा. पण वारा खेळता होता. कार्ड शांत राहिलं आणि फिल्म शनिवारच्या आत झाली. सोमवारी बाईंनी तक्रार केली की माझ्यामुळे जिना अडतो.

तो हात पाहून तुला वाईट वाटायला हवं होतं, असं आई फोनवर म्हणाली. मला वाटलं नाही. आजही वाटत नाही.

मी दुसरीकडे नोकरी शोधली. राजीनामा दिला तेव्हा सर म्हणाले, "लॅपटॉप तापतो म्हणून कोणी नोकरी सोडतं का?"

"लॅपटॉपने नाही सोडली, सर. मी सोडली."

नव्या ठिकाणी फिल्म करायच्या नव्हत्या, दुसऱ्यांची ड्रॉइंगं तपासायची होती. काम कंटाळवाणं होतं. पहिल्या दिवशी शेजारच्या मुलीने हसून नाव विचारलं, तर मी आधी तिच्या आणि माझ्या टेबलात किती अंतर आहे ते पाहिलं.