जळलं समजा, आता चालवा

रायपूर राजधानी झाल्यापासून या शहरात काही ना काही विकायला आलेली माणसं मी भरपूर पाहिली. पण न विकण्यात ज्यांचा हात कोणी धरू शकलं नसतं असे एकच, माझ्या नणंदेचे दीर, आमचे भाऊजी. लहान दुकानांना आणि कारखान्यांना टेलिफोनची यंत्रणा बसवून देणं आणि संगणकातल्या माहितीची दुसरी प्रत राखायची सोय लावून देणं, हा त्यांचा धंदा. धंदा म्हणायचं ते पाटीवर तसं लिहिलं होतं म्हणून. एरवी पुरानी बस्तीतल्या त्यांच्या खोलीत शिरलेलं गिऱ्हाईक बहुधा रिकाम्या हातानं आणि जरा रागावूनच बाहेर पडायचं.

राजधानी आली आणि सगळ्यांना एकदम फोनचं वेड लागलं. ज्याच्या दुकानात तीन माणसं, त्यालाही आठ ठिकाणी वाजणारा फोन हवा आणि 'बिक्री के लिए एक दबाएँ' म्हणणारी बाई हवी. भाऊजी अशा माणसाकडे आधी एक अख्खा दिवस नुसते जाऊन बसत. कोपऱ्यात स्टूल, मांडीवर वही. कोण कोणाला हाक मारतं, कशासाठी मारतं आणि ती पोचते का, याच्या रेघा मारत राहायच्या. पंडरीतल्या एका साडीवाल्या सेठजींना संध्याकाळी त्यांनी ती वही दाखवली. "सेठजी, आधी से ज़्यादा आवाज़ें तो चाय के लिए लगी हैं. आपको एक्सचेंज नहीं, चायवाले तक एक घंटी चाहिए." घंटी बसवली. सेठजी त्यानंतर वर्षभर त्यांच्याशी बोलले नाहीत, पण घंटी वाजवत राहिले. बीरगावच्या एका नटबोल्टवाल्याला तर त्यांनी ऑफिस आणि गोदाम यांच्यामधली भिंत फोडून खिडकी काढायला लावली. मी म्हटलं, "भाऊजी, फोन विकायला गेले होते ना तुम्ही?" तर म्हणाले, "वहिनी, खिडकी कधी एंगेज लागत नाही."

जी वस्तू एकच आहे तिच्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. खिशात दोन चष्मे, दोन पेनं, कमरेला किल्ल्यांचे दोन जुडगे. खोलीत दोन घड्याळं होती आणि त्यांचं आपसात जमत नसे, म्हणून वेळ ते समोरच्या किराणावाल्याला विचारत. स्वतःच्या लग्नात त्यांनी दोन भटजी सांगितले होते. एकाला ताप आला तर? दोघेही ठणठणीत आले, मंगलाष्टकं आधी कोणी सुरू करायची यावरून दोघांची जुंपली आणि मुहूर्त हुकता हुकता राहिला. नणंद ही गोष्ट दर लग्नकार्यात सांगते. भाऊजी ऐकून घेत आणि शांतपणे म्हणत, "पण लग्न लागलं ना?"

माझं शाळांचे स्वेटर आणि गणवेश बनवण्याचं युनिट सुरू झालं तेव्हा घरात सगळ्यांनी ते हसण्यावारी नेलं. बाईमाणसानं फॉल-पिको करावं, अकरा शाळा कुठे अंगावर घ्याव्या, असा एकूण सूर. गंभीरपणे घेतलं ते फक्त भाऊजींनी, म्हणजे स्टूल आणि वही घेऊन ते येऊन बसले. त्याच आठवड्यात दिल्लीच्या कंपनीचा एक टायवाला डीलरही आला होता. सोळा फोन, वर एक चकचकीत पेटी, तीच सगळी माहितीही सांभाळणार. भाऊजींनी त्याला विचारलं, "जानकारी जाएगी कहाँ?" तो म्हणाला, "सर, एकदम सेफ जगह." "पता बोलिए." तो हसला. भाऊजी हसले नाहीत. "घर का पता बोलिए भैया, मुझे जाकर देखना है." त्या माणसानं चहासुद्धा घेतला नाही.

मला मिळालं ते असं: तीन फोन, भिंतीवर एक छोटी पेटी, तिच्यात चौथ्या फोनची जागा रिकामी. "वाढसान, तेव्हा लागन," म्हणाले. माहितीसाठी दोन हार्ड डिस्क. एक माझ्याकडे, एक पुरानी बस्तीत त्यांच्या कपाटात, आणि दर शनिवारी अदलाबदल. नियम दोन. दोन्ही प्रती एका छपराखाली कधी येऊ द्यायच्या नाहीत. आणि फोनवर आलेलं आधी कागदावर उतरवायचं, मग मशीनमध्ये भरायचं. शाळांचे खेळाचे सर मुलांची मापं वर्गवार फोनवर सांगायचे, ती सगळी सुशीला रजिस्टरात उतरवायची. सुशीला म्हणजे आमची कटिंग बघणारी बाई. पहिले काही दिवस तिनं हात दुखल्याची तक्रार केली, मग नियमाची सवय झाली.

या सगळ्यावर त्यांची कवायत असे. वर्षातून दोनदा, न सांगता, ऐन कामाच्या वेळी यायचे, संगणकाची पिन उपटायचे, स्टूलवर बसायचे आणि म्हणायचे, "जळलं समजा. आता चालवा." मग अर्धा दिवस आम्ही रजिस्टरावर काम करायचं आणि त्यांनी ते बघायचं. पहिल्या वेळी मी त्यांना दारच दाखवणार होते. "भाऊजी, माल थांबून राहिला माझा!" "मंग? आग काय तुमाले इचारून लागन, वहिनी?" पुढे गुडघे गेले तेव्हा ते घरून फोन करून पिन काढायला लावत आणि अर्ध्या तासानं पुन्हा फोन करत, "वहिनी, चालून राहिलं का?"

तर खंडेनवमी. त्या दिवशी आपण अवजारांची पूजा करतो, आणि पूजलेलं अवजार दसरा होईपर्यंत हलवत नाही. मशीनं मांडली, कात्र्या मांडल्या, संगणकाला कुंकू लावलं. नवमी नेमकी शनिवारी आली होती. मी अदलाबदलीसाठी पुरानी बस्तीतून दुसरी डिस्क घेऊन आले होते, आणि मनात आलं, हिनंही वर्षभर राबायचं, तिला एकटीला काहून वगळायचं? दोन्ही डिस्क शेजारी शेजारी ठेवल्या, वर झेंडूचं फूल. पूजा झाल्यावर एक उचलून परत पोचवणं माझ्याच्यानं झालं नाही. मांडलेली पूजा मोडायची कशी? दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळं शहर रावण जळताना बघायला गेलं. आम्हीही गेलो. मागचं शटर वाकवून चोरांनी संगणक नेला आणि दोन्ही डिस्कही नेल्या. फुलं वाहिलेली वस्तू मौल्यवान असणार एवढी अक्कल त्यांना होतीच.

अकरा शाळांच्या स्वेटरांची मापं गेली. थंडीआधी माल पोचला नाही तर शाळा लुधियानाच्या तयार मालवाल्याकडे जाणार होत्या, आणि एकदा गेलेली शाळा परत येत नाही. बावीस बायकांचं काम त्या मापांवर होतं. घरी मला सल्ले मिळू लागले, सगळे एकाच अर्थाचे: आता आटोप. नणंद म्हणाली, "वहिनी, शोभलं तेवढं पुरे." मी युनिटमध्ये जाऊन बसले. टेबलावर कुंकवाचे ठिपके होते आणि मधे संगणकाएवढा स्वच्छ चौकोन. भाऊजी रिक्षातून उतरले, काठी टेकत आत आले, तो चौकोन पाहिला.

मी म्हटलं, "बोला, भाऊजी. काय बोलायचं ते बोलून टाका."

त्यांनी स्टूल ओढलं, बसले. "जळलं समजा," म्हणाले. "आता चालवा."

सुशीला उठली आणि रजिस्टर घेऊन आली. फोनवर आलेल्या सात शाळा त्यात होत्या, वर्गवार, नावानिशी. राहिलेल्या चार शाळांत मापं घ्यायला आम्ही स्वतः गेलो होतो. त्या चिठ्ठ्या मी मशीनमध्ये भरून फेकून दिल्या होत्या, कारण नियम फोनचा होता, चिठ्ठ्यांचा नव्हता. ही पळवाट माझी. भाऊजी म्हणाले, "टेप दोन घ्या."

त्या चारही शाळांत ते आमच्याबरोबर आले. व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले आणि प्रत्येक मुलाची छाती दोनदा मोजली. एक सर कंटाळून म्हणाले, "भाईसाब, बच्चा तो वही है." भाऊजी म्हणाले, "बच्चा वही है, साँस दूसरी है." मुलांना हा प्रकार फार आवडला. ती मुद्दाम छाती फुगवून रांगेत उभी राहायची आणि भाऊजी दुसऱ्यांदा मोजताना त्यांना बरोबर पकडायचे. माल पोचला. थंडी आमच्या दोन दिवस आधी आली, पण एकही शाळा गेली नाही. नणंदेनं नंतर तिच्या नातवासाठी स्वेटर मागितला. मी तिला माप लिहून द्यायला सांगितलं, दोन प्रतींत.

चौथा फोन बसला त्याला बरीच वर्षं झाली. गेल्या उन्हाळ्यात भाऊजी गेले. आता सगळ्यांच्या हातात मोबाईल, माहिती क्लाउडमध्ये, आणि मुलगा म्हणतो, आई, ही डिस्क कायले नेऊन राहिली दर शनिवारी? मी नेते. त्यांच्या कपाटात ठेवते. खंडेनवमीला त्यांची बायको तिला तिथेच फूल वाहते, आणि इथलीला मी इथे.

यंदा नवमीच्या आधी, ऐन घाईत, मी पिन उपटली. "जळलं समजा. आता चालवा." संगणकावरची नवी मुलगी घाबरली. "मैडम, सब क्लाउड में है, अब इसकी ज़रूरत ही नहीं है." मी म्हटलं, "ज़रूरत किसने पूछी? चलाओ." "हव दीदी," म्हणत सुशीलानं तोवर रजिस्टर उघडलंही होतं.

अर्ध्या तासानं मी फोनपाशी जाऊन उभी राहिले. काम काहीच नव्हतं. रिसीव्हर उचलून कानाला लावला. टोन होता. एकावर विसंबायचं नाही, म्हणून मग दुसराही उचलून पाहिला.