खिळ्यावरची माळ

"मामा, लवकर या… गोपल्या उठूनच नाही राह्यला," एवढंच बोलून भाचीनं फोन ठेवला. शेलूबाजारला पोचलो तेव्हा अंगणात माणसं जमली होती. चौदा वर्षांचं पोर, माझ्या सुमनताईचा धाकटा. आणि लोक कुजबुजत होते, "माळ बाटवली होती ना त्यानं!" महिना उलटला, पण ते शब्द आठवले की अजून डोकं सणकतं.

ताईचं भाजीचं रान. सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या गोपालसारख्या कुणी बांधत नसे. बांधता बांधता गिऱ्हाइकांच्या नकला करून बहिणीला हसवायचा. मग हायवेवरच्या एका दुकानातून ट्यूब चिकटवायचं सुलेशन आणून हुंगायला लागला. दुकानदारानं कधी नाही म्हटलं नाही. दारू सोडणाऱ्या बाप्यांना घालतात तशी घरच्यांनी त्याच्या गळ्यात तुळशीची माळ घातली. झालं, सुटलं म्हणे! पोर पुन्हा हुंगताना दिसलं, तर गावानं त्यालाच पापी ठरवलं. पंगतीत कुणी शेजारी बसेना.

मी त्याला वाशीमला बालकल्याण समितीपुढे नेलं. तिथल्या बाईंनी जवळ बसवून विचारपूस केली. हा गुन्हेगार नाही, याला उपचार द्या, असा आदेश दिला. तो घेऊन एका व्यसनमुक्ती केंद्रात गेलो, तर दारातच उत्तर मिळालं, "अठराच्या खालचं पोर आमी घेत नाही." मग कुठं न्यायचं? ते कुणालाच ठाऊक नव्हतं. परतताना एसटीत गोपाल म्हणाला, "मामा, ठेवून घेतलं असतं तं मी राह्यलो असतो…"

कसला कायदा हो हा? पोराला बालक म्हणायचं आणि त्याच्यासाठी एक खाट ठेवायची नाही! दुकानदाराची तक्रार केली तर म्हणे, "ते तं पंक्चरचं सामान हाये." तो मयतीलाही आला होता. लाज नाही मेल्याला.

गोपाल सापडला रानातल्या मोटरच्या खोलीत. गळ्यात माळ नव्हती. भाची रडत म्हणाली, "हुंगायच्या आंधी तो काढून ठेवे मामा. देवाच्या वस्तूले वास लागू नये म्हने." माळ खिळ्यावर नीट अडकवलेली होती.

अजून तिथंच आहे. ताई रोज मोटर सुरू करते, माळेकडे पाहते आणि निघते. परवा शेजारीण म्हणाली, "नदीत सोडून दे वो ते माळ, बाटलेली हाये." कधी आवाज न चढवणारी माझी ताई किंचाळली, "हात तं लावून पाहा!"