जयमाला गिऱ्हाईक झाली तो दिवस

गुरुवारी सकाळी पावणेअकराला उरणच्या एसटी स्टँडवर जयमाला उभी होती आणि तिच्या डोक्यावर पाटी नव्हती. मी तिला आधी ओळखलंच नाही. बावीस वर्षं ती माझ्या दारात मासे विकायला येते, पण पाटीशिवाय मी तिला कधी पाहिलं नव्हतं. ठेवणीतलं हिरवं लुगडं, केसांत अबोलीची वेणी, गळ्यात सोनं, आणि चेहरा मात्र दाढ काढायला निघालेल्या माणसाचा.

"बाई, आदीच सांगतंय," ती म्हणाली, "मी येतंय तुमच्यासाटी. खानार नाय. आन तिच्याशी बोलनार बी नाय."

"बसमध्ये तरी बसशील ना?" मी विचारलं.

तुम्ही म्हणाल, बाई काश्मीरला जाऊन आल्या, केरळला गेल्या, नेपाळला दोनदा गेल्या, आता काय पनवेलचं प्रवासवर्णन लिहिणार? तासा-सव्वातासाचा रस्ता तो. पण खरं सांगते, श्रीनगरला विमान उतरताना वाटली नव्हती तेवढी धास्ती मला त्या स्टँडवर वाटत होती. कारण मी एक भलतीच कामगिरी अंगावर घेतली होती.

'तिच्याशी' म्हणजे रुपालीशी, जयमालाच्या एकुलत्या एका मुलीशी. माझ्या शाळेत शिकलेली, हुशार, थोडी हट्टी. हॉटेलचं शिक्षण घेऊन ती पनवेलच्या खांदा कॉलनीत एका जपानी उपाहारगृहात सुशी करते, आणि तिथेच दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते. मासळी बाजारात जयमालाची बसायची एक जागा आहे. ती तिला तिच्या आईकडून मिळाली, आईला आजीकडून. या शिमग्याला जयमालाने ती जागा रुपालीला द्यायचं बोलून दाखवलं आणि रुपाली नको म्हणाली. झालं. तेव्हापासून मायलेकी बोलत नव्हत्या. गणपती गेले, दिवाळी गेली. आता रुपालीला बंगळुरूच्या मोठ्या हॉटेलात नोकरी लागली होती आणि रविवारी ती निघणार होती. फोनवर ती मला म्हणाली होती, "बाई, आईला एकदा इकडे आणा. न बोलता गेले तर मला तिकडे झोप लागायची नाही."

बस सुटली. मिठागरं मागे पडली, कंटेनरच्या गाड्यांची रांग सुरू झाली. गव्हाण फाट्याला आम्ही अर्धा तास एकाच ट्रेलरच्या मागे थांबलो. जयमालाने एवढ्या वेळात दोनच गोष्टी विचारल्या. पहिली, तिथे भाकरी मिळते का. दुसरी, रुपाली बारीक झाली आहे का.

"तूच बघ आता," मी म्हटलं.

"मी कशाला बघू?" असं म्हणून तिने खिडकीकडे तोंड फिरवलं.

पनवेल स्टँडवरून रिक्षा केली. रिक्षावाला गप्पिष्ट निघाला. "सुशी? ते कच्चे मासे देतात ते?" आरशातून जयमालाकडे बघत तो म्हणाला, "मावशी, तुम्ही कोळीवाड्यातल्या दिसता. तुम्हाला पैसे मोजून कच्चा मासा खायला लावतात म्हणजे कमाल झाली."

जयमालाला हे फार पटलं. उरलेला रस्ताभर दोघांची जपानवर एकमताने टीका चालली होती, आणि माझी कामगिरी अवघड होत चालली होती. वर त्या भल्या माणसाने आम्हाला भलत्याच इमारतीपाशी सोडलं. दुसऱ्या मजल्यावर धापा टाकत चढलो तर आत वीसेक मुलं क्लासमध्ये गणितं सोडवत होती. फळ्यावरचं एक उत्तर चुकलेलं होतं. मी मोठ्या संयमाने काही न बोलता खाली उतरले.

योग्य इमारत पलीकडच्या गल्लीत होती. खाली स्टीलच्या भांड्यांचं दुकान, वर निळा पडदा लावलेलं उपाहारगृह. आत थंडगार, स्वच्छ, आणि मंद वाजणारी बासरी. जयमाला दारातच थबकली आणि तिने नाकाने दोनदा हवा ओढली.

"मासलीचा वास कुटं हाय?"

"नाहीये."

"म्हंजे मासलीच नाय," तिने निकाल दिला.

समोर लांबलचक लाकडी ओटा होता, पुढे उंच खुर्च्या, आणि ओट्यामागे पांढरा सदरा, डोक्याला काळा रुमाल बांधलेली रुपाली. आम्हाला बघून तिचा सुरीचा हात थांबला. "या बाई," ती म्हणाली, आणि मग हळूच, "ये आये." आये म्हणजे आई. आये तिच्याकडे न बघता खुर्चीवर चढली. ती खुर्ची गोल फिरणारी होती, त्यामुळे बसता बसता जयमालाची पाठ लेकीकडे झाली आणि तिने ती तशीच राहू दिली.

वाढणाऱ्या ताईंनी नियम समजावले. दीड तास, हवं तेवढं, हवं तितक्यांदा मागवा. एकच अट, बशीत काही टाकायचं नाही, आणि बांधूनही न्यायचं नाही. भिंतीवर तसा फलकही होता. आता मी छत्तीस वर्षं शिक्षिका. लिहिलेला नियम मोडायचा म्हटलं की मला घाम फुटतो. हे इथे सांगून ठेवते, कारण पुढचे माझे हाल त्यामुळे झाले.

यादी बघून करमणूक झाली. पनवेलच ते, त्यामुळे तंदुरी पनीरची सुशी होती, कांदा-लसूण नसलेलीही होती. मी दोघींसाठी माशांचीच मागवली. सुशी म्हणजे काय, तर सिरका घातलेल्या भाताची बोटभर मुटकी आणि तिच्यावर माशाची कच्ची, तलम चकती. किंवा मग भात आणि मासा समुद्री शेवाळाच्या काळ्या कागदात गुंडाळून केलेली लांब वळी, आणि तिचे कापलेले गोल तुकडे.

पहिला घास मी डोळे मिटून घेतला. गार, मऊ, किंचित गोडसर. वास मुळीच नाही. चावायच्या आतच संपला. डोळे उघडले तर जयमाला माझ्याकडे अशी बघत होती की मी आता कोसळणार आणि तिला मला सावरावं लागणार.

"कसं हाय?"

"छान आहे. तू घे."

"आमच्यात कच्चं मांजराला देतात." तिने आपली बशी माझ्याकडे सरकवली.

मग तेच चालू राहिलं. रुपाली एकेक बशी करून पुढे ठेवायची, आयेच्या पाठीकडे बघायची. जयमाला ती बशी माझ्याकडे ढकलायची. मी फलकाकडे बघायचे आणि खायचे. ट्यूनाची लाल चकती असलेली बशी आली तेव्हा मात्र जयमालाला राहवलं नाही. तिने वाकून बघितलं.

"ह्यो तर कुपा!" ती मला म्हणाली. "ह्यो ह्यांना लय भारी वाटतो? आमच्यात कुपा कोनी फुकट घेत नाय. रगताचा मासा."

"जपानात त्याला सगळ्यात जास्त मान आहे," ओट्यामागून रुपाली म्हणाली.

"बाई, सांगा तिला, जपानला मासलीतलं काय कलत नाय," जयमाला मलाच म्हणाली.

म्हणजे आता मी दुभाषीही झाले होते, एकाच भाषेतल्या दोघींची. पाचव्या बशीनंतर मला पदर सैल करावासा वाटू लागला. सहाव्या बशीला मी मनातल्या मनात रुपालीच्या बापालाही दोन शब्द ऐकवले, तो बिचारा होडीवर होता. एक तास संपत आला होता. माझ्याच्याने आणखी खाणं होत नव्हतं आणि यांच्याने बोलणं होत नव्हतं. रविवार डोळ्यांसमोर दिसत होता. मला खरोखर रडू यायला लागलं.

इथे मला कोळणींची एक रीत सांगायला हवी. पाटीतला चांगला मासा गिऱ्हाइकाचा, हे त्यांच्याकडे ठरलेलं. पापलेट, सुरमई, घोळ यातलं काही त्या घरी नेत नाहीत. विकून उरेल ते घरचं. मांदेली, मोडके बोंबील, सुरमईचं डोकं, शेपटीचा तुकडा. जयमालाने मला हे कधी तक्रार म्हणून सांगितलं नाही. मी एकदा सहज विचारलं होतं, आज तुझ्याकडे काय कालवण, तेव्हा ती म्हणाली होती, "तुमी काय ठेवाल ते." मी हसले होते. आज आठवलं की लाज वाटते.

रुपाली त्या वेळी काळ्या कागदाची वळी कापत होती. सुरीने दोन्ही टोकं उडवायची, ती ओबडधोबड असतात, आणि मधले सहा गोल तुकडे बशीत मांडायचे. टोकं ती एका वाटीत टाकत होती. जयमालाची खुर्ची एव्हाना हळूहळू निम्मी फिरली होती. तिचं लक्ष त्या वाटीकडे गेलं. भाताची शितं लोंबणारी, माशाची चिंधी बाहेर आलेली ती टोकं ती बराच वेळ बघत राहिली.

"ती कोनाला?" तिने वाढणाऱ्या ताईंना विचारलं.

"ती होय? रुपालीच खाते नंतर, दुपारच्याला. गिऱ्हाइकाला नाही देत."

जयमालाची खुर्ची पूर्ण फिरली.

"हितं पन उरलेलंच खातंस काय गो?"

आठ-नऊ महिन्यांनी बोललेले हे पहिले शब्द. आवाज बाजारातला, सगळं उपाहारगृह वळून बघेल असा. बासरी तेवढी वाजत होती.

रुपालीने सुरी खाली ठेवली. "मग काय खाऊ, आये? मासे इकनारी काय खाते?" इतका वेळ शुद्ध बोलणारी पोर एका वाक्यात घरच्या बोलीवर आली.

"मी खाल्लं म्हनून तू पन खायाचंस?" जयमाला म्हणाली. "मी पाटी कशाला वायली मग? तुला शाला कशाला शिकवली?"

"मी पाटी नको म्हनाले तर तू बोललीच नायस माज्याशी."

जयमालाने पदराने डोळे पुसले. रुपालीने हात धुतले, एक रावसाचा तुकडा काढला आणि तिरकी सुरी लावून चकती उतरवली. तळहातावर भात दाबला, वर चकती बसवली आणि बशीत न ठेवता आयेच्या हातावरच ठेवली. "आज तू गिऱ्हाईक हायस. चांगलं तुला."

जयमालाने तो घास तोंडात टाकला. आम्ही दोघी श्वास रोखून बघत होतो. तिने सावकाश चावलं, गिळलं, आणि व्यवहाराच्या आवाजात म्हणाली, "मासा बरा हाय. पन आजचा नाय. कालचा हाय."

"परवाचा," रुपाली हसत म्हणाली. "मुद्दाम ठेवतात आये, बर्फात. चव मुरते."

"परवाचा?" जयमालाने कपाळाला हात लावला. "आन लोक खातात?"

"तूही मला एकदोनदा खायला घातला असशील," मी म्हटलं.

"तुमी गप ऱ्हावा बाई," जयमाला म्हणाली. तिने नाकारलं मात्र नाही, याची नोंद मी घेतली आहे.

मग तिने आणखी एक मागितला. रुपालीने तो केला. जयमालाने तो उचलला, इकडेतिकडे बघितलं आणि ओट्यावरून हात लांब करून रुपालीच्या तोंडापाशी नेला. "खा. माज्या म्होरं खा."

आता हे नियमात नव्हतं. काम करणाऱ्यांनी ओट्यावर खायचं नाही, असं त्याच फलकावर खाली लिहिलेलं होतं. मी खुर्चीवरून उतरले आणि गल्ल्यावरच्या माणसाची नजर अडेल अशी मधे उभी राहिले. छत्तीस वर्षांच्या नोकरीत केला नाही तो गुन्हा मी शांतपणे केला. मागे वळून पाहिलं तर रुपालीचं तोंड भरलेलं होतं आणि डोळे वाहत होते. जयमाला तिच्या गालाला लागलेलं शीत बोटाने काढत होती.

परतीची बस साडेचारला मिळाली. माझं पोट इतकं जड होतं की प्रत्येक खड्ड्याला मी देवाचं नाव घेत होते. जयमाला खिडकीशी बसली होती. बाजारातली जागा धाकट्या जावेच्या सुनेला देऊन टाकते, असं मधेच म्हणाली. तिला वाईट वाटत होतं, ते तिने लपवलं नाही. आजीपासूनची जागा होती. मी नुसता तिचा हात धरून बसले. मिठागरांशी आलो तेव्हा तिने फोन काढला आणि जावेला लावला, ती पलीकडे बहिरी असावी अशा आवाजात.

"उद्याच्या मालातली दोन मोटी पापलेटं बाजूला काड. इकू नको. कोनाला म्हंजे? आमाला. घरी खायाला. पोर येते उद्या."

मी इतकी हिंडले. सरोवरं पाहिली, बर्फ पाहिला, हाउसबोटीत राहिले, आणि तिथल्या माणसांबद्दल पानंच्या पानं लिहिली. दारात रोज येणारी बाई स्वतः काय जेवते, हे नीट कळायला मला बावीस वर्षं आणि पनवेलची एक बस लागली.

शुक्रवारी सकाळी जयमाला नेहमीच्या वेळी आली. पाटीत मांदेली होती. "आज हेच हाय बाई," ती म्हणाली, आणि तिला हसू आवरेना. मी घासाघीस न करता सगळी घेतली आणि पायरीवर बसून साफ करायला लागले.