पिठाचा हात

"वहिनी, हात खाली घ्या. पीठ गळतंय मतावर."

दिलीप असं म्हणाला आणि पक्षाच्या बैठकीला बसलेली सगळी माणसं हसली. माझ्याच घरात हं. सिंगापुरात वुडलँड्सचा आमचा फ्लॅट, रविवारची दुपार, आणि भज्यांच्या पिठाने माखलेला हात वर करून मी स्वयंपाकघराच्या दारात उभी.

सांगते काय झालं ते. तिकडे मुंबईत आमच्या पक्षात दोन तट पडलेले. एक म्हणे, मोठ्या पक्षाशी युती करा, नाहीतर सत्ता दिसायची नाही. दुसरा म्हणे, ज्यांनी आपल्याला पाण्याला शिवू दिलं नाही, त्यांच्या पंगतीला कशाला बसायचं? आमच्या जुन्या वॉर्डात भाऊ नगरसेवक, युतीवाले. त्यांच्याविरुद्ध पक्षातूनच सुमननं तिकीट मागितलेलं. सुमन बालवाडीची बाई, माझी लहानपणची मैत्रीण. पक्षाची सिंगापूरची मंडळी कुणाच्या बाजूनं, ते कळवायचं होतं. वॉर्डात आमच्या शब्दाला वजन. परदेशातली माणसं ना आम्ही!

हात वर करून मतं घेतली. बरोबरी झाली. मग मी माझा केला वर, सुमनसाठी.

तेव्हा ते पीठ, ते हसणं. दिलीप बुओना व्हिस्टाच्या महागड्या काँडोत राहणारा, मॅनेजर. समतेवर तासभर बोलून नुकताच बसलेला. म्हणाला, "घरटी एक मत. दादांचं मी धरलंय. दादा भाऊंचेच. म्हणजे भाऊ एका मतानं पुढे."

दादा म्हणजे माझे मालक. जहाजावर फिटर. त्या दिवशी भर समुद्रात.

जो घरात नाही त्याचं मत धरलं. मी समोर उभी, तर मी नाहीच.

आणि पिठाचं काय सांगता? परकरात होतो तेव्हापासून मी आणि सुमननं याच हातांनी पिठाची खळ शिजवून पक्षाची पोस्टरं चिकटवलीत. तेव्हा नाही कुणी म्हणालं, पोरींनो, हात धुवा.

परक्यांनी हाकललं की राग यायचा. हे तर आपले. रागसुद्धा आला नाही पटकन. नुसता थकवा.

गॅस बंद केला. खुर्ची ओढून त्यांच्यात बसले. हात तसाच वर.

"मोज," म्हटलं.

"वहिनी, भजी करपतील."

"गॅस बंद आहे. मोज."

नाही मोजला. चला, उशीर झाला, करत उठले सगळे. निरोप गेला, सिंगापूर भाऊंच्या पाठीशी. सुमनचं तिकीट कापलं.

मालक परतल्यावर विचारलं. म्हणाले, "मला कुणी विचारलंच नाही गं."

दमलेय मी. गुडघे बोलतात. तरी पुढच्या निवडणुकीआधी वॉर्डात परत जाणार. मालकांना सांगितलंय, विचारलेलं नाही. सुमन पुन्हा तिकीट मागेल. ती थकली तर मी मागेन. भाऊंच्याविरुद्ध, याच पक्षातून.

दिलीप म्हणतो, पटत नसेल तर पक्ष सोडा. का सोडू? भिंतीवर तो आम्ही चिकटवलाय.