कोणाकडं आलाव?

नांदेडात रिक्षात बसून आमच्या वस्तीचं नाव सांगितलं की रिक्षावाला आधी आरशातून तोंड बघतो. मग म्हणतो, "मेन रोडला सोडतो, आत न्हाई येत." ऑफिसातल्या बायका विचारतात, "तिकडे भीती नाही वाटत?" भांडणं आमच्याकडे होतात, दारू आहे, कधी पत्र्यावर दगडही पडले आहेत. पण आमच्या दाराला दिवसा कधी कडी लागली नव्हती.

त्याचं कारण माझी आई आणि समोरचे शिलाईवाले चाचा. आई उंबऱ्यात तांदूळ निवडत बसायची, चाचा मशीनवर. गल्लीत अनोळखी माणूस शिरला की दोघांपैकी एकजण विचारणारच, "कोणाकडं आलाव?" त्यात आगाऊपणा नसायचा. पाहुणा असेल तर त्याला घर दाखवायचं, पाणी द्यायचं. नसेल तर तो आपोआप माघारी वळायचा. आमची पोलीस चौकी ती एवढीच.

नोकरीमुळे मी काही वर्षं लातूरला होते, आई वस्तीतच. माझी बदली परत नांदेडला झाली तेव्हा मी नव्या भागात घर भाड्याने घेतलं आणि आईला तिथे नेलं. कॉलनीला कमान, गेट, कॅमेरे. 'सेफ एरिया' हा शब्द तिथले लोक अत्तरासारखा लावून फिरायचे. आई पायरीवर बसली आणि सवयीने सुरू झाली. अर्धापूरचा केळीवाला, गॅसवाला, कुणाचे जावई, सगळ्यांना तोच प्रश्न. लोकांना ते झोंबलं. सोसायटीचे सेक्रेटरी घरी आले आणि मला म्हणाले, "मॅडम, मावशींना सांगा. इथं कुणी कुणाला असं विचारत नाही. बरं दिसत नाही." आई तिथेच बसलेली होती. तिच्याशी बोलायची त्यांना गरज वाटली नाही. तिने मात्र ऐकलं, आणि पुढे पायरीवर बसली तरी मान खाली घालून बसू लागली.

उन्हाळ्यात समोरच्या बंगल्यातले लोक लग्नाला मुखेडला गेले. भर दुपारी टेम्पो आला. माणसांनी फ्रिज, टीव्ही, गाद्या निवांत बाहेर काढल्या. अख्ख्या कॉलनीने खिडक्यांतून बघितलं आणि पडदे ओढून घेतले. आईच्या ओठांवर प्रश्न आला होता. तिने तो गिळला.

चोरी उघड झाली तेव्हा कळलं, कॅमेरे नुसतेच टांगलेले होते. मग सेक्रेटरी हवालदाराला घेऊन थेट आमच्याकडे आले. "या बाई येणाऱ्या-जाणाऱ्यांची चौकशी करत बसायच्या. कुणाचं घर कधी बंद असतं, यांना सगळं माहीत." हवालदाराने विचारलं, आधी कुठे राहत होता? मी वस्तीचं नाव सांगितलं. त्याने एकदा भिंतीवरच्या बुद्धाकडे पाहिलं, एकदा सेक्रेटरींकडे, आणि नुसतं "हां" म्हणाला. आईने आयुष्यभर केलेली राखण त्या एका 'हां'मध्ये टेहळणी ठरली.

माझं डोकं फिरलं. "विचारलं तर तक्रार करता, नाही विचारलं तर चोर ठरवता?" आईने माझा हात धरून मला गप्प केलं.

"म्या कुणाचं काय घेतलं न्हाई, साहेब," ती म्हणाली.

साठी उलटलेल्या माझ्या आईला हे वाक्य बोलावं लागलं. त्या कॉलनीला मी कधीच माफ करणार नाही.

पुढे चोर सापडला. बंगलेवाल्यांचाच भाचा, त्याच कॉलनीतला. तुम्ही आधी कुठे राहत होता, असं त्याच्या आईला कुणी जाऊन विचारलं नाही. आमच्याकडेही कुणी फिरकलं नाही.

आम्ही वस्तीत परत आलो. चाचांनी मशीन थांबवून हाक मारली, "आलाव का भाभी? गल्ली लई सुनी वाटून राहिली होती." आई हसली. मला वाटलं, आता सगळं पहिल्यासारखं होईल.

एका दुपारी अनोळखी माणूस गल्लीत शिरला आणि एकेक घर बघत रेंगाळला. चाचा नमाजला गेले होते. आई उंबऱ्यात होती. मी आत बसून तिच्या प्रश्नाची वाट बघत राहिले. तिने त्या माणसाकडे पाहिलं, तांदळाचं ताट उचललं, आत आली आणि भर दिवसा दाराला कडी लावली.